हो, हीच वेळ

काउंटरवरच्या टॅबकडे तिची नजर सहज गेली आणि तिला हसू आवरेना.

टॅबच्या काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर टपोऱ्या, गोल अक्षरात मराठी मजकूर. ‘इथे नाव लिहा.’ ‘इथे वार निवडा.’ सगळ्यात खालच्या पट्टीला मधोमध एक भोक होतं आणि भोकाशेजारी बाण काढून लिहिलं होतं, ‘झालं की इथे बोट लावा.’ कागदावरून बोट लागत नाही, म्हणून भोक. एक पट्टी सुटून लोंबत होती. तिच्याखालून डोकावणारा इंग्रजी शब्द, त्या बटणाचा निळा रंग, गोलसर कोपरे… सगळं तिच्या ओळखीचं होतं. तिनेच बनवलं होतं ते.

मामाला घेऊन ती या कानांच्या दवाखान्यात आली होती. मामाला ऐकू कमी येतं हे मामा सोडून सगळ्या घराला माहीत होतं. आयुष्यभर यंत्रमागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस, पण म्हणायचा, “मला सगळं ऐकू येतं. तुम्ही लोकच तोंडातल्या तोंडात बोलता.” नोकरीच्या निमित्ताने ती मामाकडे राहत होती आणि त्या घरात तिचं नाव मुंगी होतं. एकदा कशाला चिकटली की तुटेल पण सुटणार नाही, म्हणून. मामाला इथवर ओढून आणणंही तिलाच जमलं होतं.

“हसू नका,” मागून आवाज आला. “अख्खा रविवार गेलाय त्यात.”

ती वळली. पांढरा कोट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात कात्री. चेहरा इतका गंभीर की त्यामागचं हसू लपत नव्हतं. हाच कान तपासणारा असणार.

“सुबक आहे हो,” ती म्हणाली. “विशेषतः भोक.”

“भोकालाच तर मेहनत लागली. ज्या माणसाने हे बनवलंय ना, तो मला एकदा भेटायला हवा.”

“भेटला तर काय कराल?”

“हात जोडून विचारीन. बाबा रे, डॉक्टरांची वेळ घेणाऱ्या कितीतरी लोकांना इंग्रजी वाचता येत नाही, हे तुझ्या कानावर कधीच कसं आलं नाही?”

“आणि तो माणूस बाई असली तर?”

“तर अहो-जाहो करून विचारीन.”

“विचारा मग,” ती म्हणाली.

त्याला कळायला क्षणभर लागलं. मग पाळीपासून वरपर्यंत त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. “तुम्ही…?”

“मीच.”

खुर्चीत बसलेल्या मामाने मान वर केली. “काय झालं? नंबर आला का आपला?”

मामाला तपासून झाल्यावर मात्र तो हसला नाही. तिला पुन्हा टॅबपाशी घेऊन गेला. “पट्ट्यांची गंमत पहिल्या पानापुरतीच. दुसऱ्या पानावर गेलं की पट्टी एक सांगते आणि बटण भलतंच करतं. परवा एका आजींनी सगळं नीट भरलं आणि माझ्या भोकातून बोट लावलं. खाली ‘कॅन्सल’ होतं. ठरलेल्या दिवशी दोन बस बदलून आल्या, तर त्यांची वेळच नव्हती. तशाच परत गेल्या.” तो थांबला. “फोन करा म्हणून सांगायची सोय नाही. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला फोनच ऐकू येत नाही.”

लोंबणारी पट्टी तिने बोटाने दाबून पुन्हा चिकटवली. ती परत सुटली.

घरी जाताना मामा बडबडत होता आणि ती नुसतं हं हं करत होती. मामा अखेर म्हणाला, “बहिरा मी आहे का तू?”

*

तिचं ऑफिस म्हणजे एका अरुंद जिन्यावरच्या दोन खोल्या. तिथे बनायचं ते एक प्लगिन, म्हणजे दवाखान्याच्या वेबसाइटला जोडायचा छोटासा प्रोग्रॅम. तो जोडला की पेशंट घरबसल्या किंवा दवाखान्यातल्या टॅबवरून वेळ घेऊ शकतात. बरेच दवाखाने ते वापरत होते. कंपनी होती मॅडमची, आणि मॅडमचा स्वभाव असा की पाणी पितानाही आधी हिशेब करतील, तहान किती लागली आहे याचा.

“प्लगिनमध्ये भाषांची सोय हवी,” तिने सांगितलं. “सुरुवात मराठीने करू.”

“किती जणांनी मागितलीय?”

“एकाने.”

“एकाने,” मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा स्क्रीनकडे वळल्या.

“मागणार कसे, मॅडम? मागण्याचं पानही इंग्रजीतच आहे.”

मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. “महिनाअखेरची आवृत्ती लांबणार नसेल तर कर. मशीनकडून करून घे अनुवाद, दुपारभराचं काम आहे. तेव्हा नाही झालं तर पुढची आवृत्ती एकदम सहा महिन्यांनी.”

मशीनने अनुवाद केला. मामाला कानाचं माप द्यायला घेऊन ती दवाखान्यात गेली, तेव्हा तो कागद सोबत घेऊनच. शेवटचा पेशंट गेला होता, माप देऊन मामा आतच बसला होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि तो खिडकी लावत होता.

“ऐका,” ती म्हणाली. “‘बुक नाऊ’ म्हणजे… ‘आता पुस्तक’.”

“बरं.”

“‘नो स्लॉट्स लेफ्ट’ म्हणजे… ‘डावीकडे फटी नाहीत’.”

त्याने खरोखरच डावीकडे भिंतीकडे पाहिलं. “नाहीत. खरंय.”

“आणि ‘सेव्ह’ म्हणजे ‘वाचवा’.”

“ते राहू द्या. तिथे पोचेपर्यंत पेशंट तेच ओरडत असतो.”

ती इतकी हसली की मामा आतून बाहेर आला आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारत बसला. दोघांनी मिळून त्याला मोठ्याने समजावून सांगितलं. त्यालाही हसू आलं, जरा उशिराने.

पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, अडचण मशीनची नव्हती. अडचण तिची होती. तिने सगळे शब्द थेट प्रोग्रॅमच्या पोटात शिवून टाकले होते, आणि वाक्यं तुकडे जोडून बनवली होती. एक तुकडा, मग डॉक्टरांचं नाव, मग दुसरा तुकडा, मग वार. इंग्रजीत ते जमायचं. मराठीत वाचलं की व्हायचं, ‘तुमची भेट आहे सोबत डॉक्टर अमुक वर मंगळवार.’

दुसऱ्या दिवशी तिने त्याला हे ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, “असं बोलणारा माणूस समोर आला तर मी आधी त्याला घोटभर पाणी देईन.”

“म्हणजे सगळं उसवायला हवं,” ती म्हणाली. “एक-एक वाक्य बाहेर काढायचं, अख्खं करायचं, नाव आणि वार यांच्यापुरती जागा मोकळी ठेवायची. मग त्या जागा कुठल्याही भाषेत हव्या तिथे सरकवता येतील.”

“खूप काम आहे?”

“आहे.”

“मग?”

“मग काय. करायचं.”

हे तिने इतकं सहज म्हटलं की तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. तिला ते जाणवलं. तिने कागद उगाचच सारखे केले.

*

दिवसा ती उसवायची, संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून दोघं शब्द ठरवायची. तो कॉफी करायचा. कॉफी वाईट करायचा, पण कप गरम करून द्यायचा. तिच्या नोकरीतले लोक कसे बोलतात हे तिला माहीत होतं, त्याच्याकडे येणारे लोक कसे बोलतात हे त्याला.

“‘अवैध क्रमांक’,” ती वाचायची.

“नको. अवैध म्हटलं की माणसाला वाटतं आता पोलीस येणार. ‘नंबर पुन्हा एकदा बघा’ म्हणा.”

“‘तुम्ही आधी आला आहात’ की ‘आल्या आहात’? बाई आहे का पुरुष, प्रोग्रॅमला कळत नाही.”

“मला विचाराल तर… आल्या आहात. आणि रोज या.”

“तुम्हाला नाही विचारत. पेशंटसाठी विचारते.”

“अच्छा, पेशंटसाठी होय…” म्हणत तो कपाच्या तळाशी काहीतरी शोधू लागायचा. ती वहीवर मान खाली घालून लिहायची, ‘ही तुमची पहिली भेट आहे का?’ आणि मग तेच वाक्य तिला वेगळंच वाटायला लागायचं.

मामाला कानाचं मशीन बसलं. पहिल्याच दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. “मुंगे, तू हल्ली गुणगुणतेस.”

“मी आधीपासूनच गुणगुणते, मामा. तुम्हाला आता ऐकू यायला लागलंय.”

“असेल बुवा. पण मामी म्हणते हे नवीन आहे.”

मामी पाठमोरी होती. तिचे खांदे तेवढे हलत होते.

महिना संपत आला, तसं काम पुरं होत आलं. आणि नेमकं तेव्हाच घोडं अडलं. मॅडमनी दुपारी बोलावून सांगितलं, “भाषांचं यावेळी सोडून दे. सगळी वाक्यं हलवलीस तू. खऱ्या माणसांनी वापरून पाहिलंय का? नाही ना? मोडलं तर सगळ्याच दवाखान्यांचं मोडेल. सहा महिन्यांनी बघू.”

ती संध्याकाळी दवाखान्यात गेली ती धुमसतच. हे त्याला सांगावं असं ठरवून गेली होती आणि सांगितलंच नाही. शेवटचं बटण राहिलं होतं. वेळ पक्की करायचं.

“‘पुष्टी करा’,” ती म्हणाली.

“नाही कळणार. ‘हो, हीच वेळ’ असं लिहा.”

“बटण आहे ते, लाडीगोडी नाही. जरा भारदस्त हवं.”

“भारदस्त कुणासाठी? समोर जो बसलाय त्याला—”

“तुम्ही कान सांभाळा,” ती म्हणाली, “शब्द माझ्यावर सोडा.”

तो “बरं” म्हणाला. त्या ‘बरं’नंतर नेहमीसारखा विनोद आला नाही. त्याने दोन्ही कप उचलले आणि आत धुवायला नेले. नळाचा आवाज खूप वेळ येत राहिला. ती बाकावर बसून राहिली आणि मग छत्री उघडून निघून गेली.

*

सकाळी उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. रागाचं काय करायचं ते नंतर, आधी काम. तिने त्याला निरोप पाठवला, ‘त्या परत गेलेल्या आजींना आज बोलवाल का? येण्याजाण्याची गाडी मी पाठवते.’

उत्तर आलं, ‘हो.’ एवढंच. तिने ते एका अक्षराचं उत्तर किती वेळा उघडून पाहिलं, तिचं तिलाच माहीत.

मग ती मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. “तासभर माझ्याबरोबर चला.”

“कुठे?”

“खऱ्या माणसांनी वापरून पाहिलंय का असं विचारलंत ना. तिथे.”

मॅडम नाही म्हणाल्या. ती हलली नाही. मॅडमनी फोन घेतला, ठेवला, मेल लिहिली, पाठवली. ती उभीच. शेवटी मॅडम पर्स शोधू लागल्या.

दवाखान्यात टॅबवर आज एकही पट्टी नव्हती. आल्या आल्या तिने त्यावर आपली नवी आवृत्ती चढवली. आजी समोर बसल्या होत्या, पाठीचा कणा ताठ, पर्स मांडीवर घट्ट. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने मॅडमना नमस्कार केला, तिच्याकडे पाहून मान हलवली, आणि बस.

आजींना कमी ऐकू यायचं म्हणून त्या वाचायच्याही मोठ्याने. “तुमचं… नाव… लिहा.” लिहिलं. “कोणत्या दिवशी… यायचं आहे?” निवडला. मोकळ्या वेळा पाहून म्हणाल्या, “सकाळची बरी.” बसलेले पेशंटही आता माना उंचावून बघत होते. पानं उलटत होती, वाक्यं अख्खी येत होती, नाव आणि वार आपापल्या जागी बसत होते. तिने मुठी आवळल्या होत्या.

शेवटचं पान आलं.

“पुष्टी… करा,” आजींनी वाचलं. बोट हवेत थांबलं. “पुष्टी? टॉनिकचं आहे का हे? नको हो मला. आहे तेच वजन गुडघ्यांना झेपत नाही.”

सगळे हसले. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बोट मागे घेतलं आणि हात पुन्हा पर्सवर ठेवला. “नकोच. मागच्या वेळेसारखं व्हायचं काहीतरी.”

मॅडम तिच्याकडे पाहत होत्या. तिने त्याच्याकडे पाहिलं. मी म्हटलं नव्हतं का, एवढं त्याने नुसत्या नजरेने म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो म्हणाला नाही. तो फक्त एक खुर्ची घेऊन आला आणि तिच्यामागे ठेवली.

ती बसली. लॅपटॉप मांडीवर उघडला, शब्दांची फाइल काढली, एक ओळ पुसली, एक लिहिली. टॅबचं पान ताजं केलं.

“आता बघा, आजी.”

“हो… हीच… वेळ.” आजींनी तिच्याकडे पाहिलं. “मग असं सरळ बोलायचं की.” आणि बोट लावलं.

‘तुमची भेट ठरली आहे. गुरुवारी सकाळी या.’

आजींनी ते दोनदा वाचलं. “फोन नाही ना करावा लागणार?”

“नाही.”

“म्हणजे सुनेला दर वेळी विनवायला नको.” त्यांनी पर्सची चेन उगाचच उघडून बंद केली. “बरं झालं बाई. ती वाईट नाही, पण दर वेळी… नको वाटतं.”

मॅडम खाली वाकून तिला म्हणाल्या, “तो शब्द आत्ता बदललास? प्रोग्रॅमला हात न लावता?”

“शब्द आता प्रोग्रॅममध्ये नाहीतच, मॅडम. वेगळ्या फाइलमध्ये आहेत. उद्या कुणी आपल्या भाषेची फाइल पाठवली की तीही अशीच लागेल.”

मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “महिनाअखेरच्या आवृत्तीत घाल. आणि असले टॉनिकचे शब्द अजून असतील तर काढ.”

मॅडम आजींना गाडीपर्यंत सोडायला गेल्या. दवाखान्याच्या दारात दोघंच उरली.

“काल मी जे बोलले…” ती म्हणाली.

“या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. धंद्यातली सवय.”

“खरंच?”

“नाही,” तो म्हणाला. “लागलं होतं. तुमचा कप मी तीनदा धुतला.”

तिला हसावं की रडावं कळेना. “माझं चुकलं. शब्दाचंही आणि बोलण्याचंही.”

“आज सगळ्यांसमोर पुसून टाकलात की. तेवढं पुष्कळ आहे.” मग जरा थांबून, “मला नसतं जमलं.”

*

आवृत्ती बाहेर पडली. पट्ट्यांची गरज संपली. काही दिवसांतच कुठल्याशा दूरच्या दवाखान्यातल्या नर्सने आपल्या भाषेची फाइल पाठवली, मग आणखी कुणीतरी. मॅडम त्या फाइली स्वतः उघडून पाहायच्या आणि एक अक्षर कळत नसतानाही मान डोलवायच्या. ती खूश होती.

फक्त संध्याकाळचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. शब्द संपले होते. मामाचं मशीनही उत्तम चाललं होतं. दवाखान्यात जायला निमित्तच उरलं नव्हतं. त्याचाही निरोप यायचा तो ‘छान चाललंय’, ‘आजी आल्या होत्या’ एवढाच. लिहितोय, लिहितोय असं दिसायचं आणि मग काहीच यायचं नाही.

“मशीन सर्व्हिसिंगला न्यायचं का गं?” मामाने विचारलं.

“नवीनच तर आहे.”

“तरी. मी आपलं विचारलं.”

ती खोलीत गेली. इतकी तुटकी वाक्यं जोडली, आणि स्वतःचं एक धड होत नाही? तिला स्वतःचाच राग आला. तिने दवाखान्याचं पान उघडलं, स्वतःच्याच प्लगिनमधून संध्याकाळची शेवटची वेळ घेतली, आणि ‘कशासाठी यायचं आहे?’ या चौकटीत लिहिलं, ‘कान ठीक आहेत. बोलायचं आहे.’ मग विचार बदलायच्या आत बटण दाबून टाकलं.

ती गेली तेव्हा त्याने कोट घातलेला होता, बाह्या सरळ केलेल्या होत्या, केसही विंचरलेले दिसत होते. “तपासल्याशिवाय मी कुणाचे कान ठीक मानत नाही,” तो म्हणाला. स्वर अगदी गंभीर.

“मला आधी बोलायचं—”

“आधी तपासणी.”

त्याने तिला एका बाजूला काच असलेल्या खोलीत बसवलं. बाकी भिंतींना जाड गाद्या, जाड दार. आत गेलं की बाहेरचं जग पुसल्यासारखं होतं. स्वतःच्या छातीची धडधडच तेवढी ऐकू येत होती, आणि ती जरा जास्तच मोठी होती. हेडफोन कानांवर आले. काचेपलीकडे तो यंत्रापाशी बसला.

“मी म्हणेन तो शब्द मागोमाग म्हणायचा,” त्याचा आवाज थेट कानात आला, इतका जवळून की ती दचकली. “दार.”

“दार.”

“चमचा.”

“चमचा.”

“शनिवार.”

“शनिवार.”

“संध्याकाळी.”

तिने काचेतून पाहिलं. तो कागदावरून वाचल्यासारखा खाली बघत होता. त्याच्यासमोर कागदच नव्हता. “संध्याकाळी,” ती म्हणाली.

“माझ्याबरोबर…”

“माझ्याबरोबर.”

“फिरायला याल?”

त्याने मान वर केली. त्याचे कान लाल झाले होते.

“हे मागोमाग म्हणायचं नाही,” ती म्हणाली. “आणि वेळ मी घेतलीय, तेव्हा आता मी बोलणार. मला… मला तुम्ही आवडता. शब्द ठरवायला म्हणून येत होते ते सुरुवातीला. नंतर नंतर मी सोपे शब्दही अडलेत म्हणून घेऊन यायचे. तुमची कॉफी वाईट असते, तरी मला ती रोज हवी आहे. झालं. एवढंच.”

बोलून झालं आणि तिने श्वास सोडला. काचेपलीकडे त्याने मात्र भुवया उंचावल्या, कानाकडे बोट दाखवलं आणि नाही, नाही अशी मान हलवली. ऐकू आलं नाही.

तिला वाटलं, जमीन दुभंगावी. एवढा धीर करून बोललेलं सगळं त्या गाद्यांनी पिऊन टाकलं. क्षणभर तिने डोळे मिटले. मग हेडफोन काढले, जाड दार दोन्ही हातांनी ढकललं आणि बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. स्वच्छ, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून. “आणि शनिवारी मी येणार आहे. आता ऐकू आलं?”

“आलं,” तो म्हणाला. “मघाशीही आलं होतं. माइक चालूच होता.”

ती बघतच राहिली. “मग ‘नाही’ का म्हणालात?”

“तुम्हीच सांगा…” तो म्हणाला, “असलं काही एकदाच ऐकून कुणाचं भागतं का?”

तिने हात उगारला. त्याने तो वरच्या वर धरला आणि मग सोडायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.